नावामागची गोष्ट : ह्वासाची वाडी

दोस्तांनो, सकाळची वेळ आहे. वर्गात हजेरी चालली आहे. बाई एकेक नाव घेताहेत आणि कुणी "हजर", कुणी "उपस्थित", तर कुणी नुसतंच "ओ" देतंय. मध्येच बाई म्हणतात, "ओंकार!" आणि एकदम तीन ओंकार उभे राहतात. सगळा वर्ग हसतो. बाईही हसतात आणि म्हणतात, "अरे, चिपळूणकरांचा ओंकार!" झालं, दोन ओंकार खाली बसतात. प्रश्न मिटला.

आडनावाचा उपयोग हा असा. रोज वापरतो, म्हणून त्याचं काही वाटत नाही.

आता दुसरा एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेतला. साल साधारण १८६५-६६. एक मुलगा पहिल्यांदाच शाळेत आलाय. वय असेल नऊ-दहा वर्षांचं. डोक्यावर आईने जाड्याभरड्या कापडाचे दोन तुकडे जोडून शिवलेली टोपी आहे, कारण विकतची टोपी घ्यायला पैसे नाहीत. गुरुजी हजेरी घेताहेत. मुलगा कान देऊन ऐकतोय आणि त्याच्या पोटात गोळा आलाय. कारण प्रत्येक मुलाला निदान दोन नावं आहेत. कुणाकुणाला तर तीन! आणि याला आहे फक्त एक. बुकर. बस्स, पुढे काही नाही.

त्याचा नंबर जवळ येतोय. गुरुजी विचारणार, "तुझं पूर्ण नाव काय?" तो काय सांगणार?

त्याला जरा तिथेच बसू द्या. घाबरू नका, त्याला उत्तर सुचणार आहे. पण ते कुठून आलं हे कळायला आपल्याला जवळजवळ सातशे वर्षं मागे जायला हवं, तेही अमेरिकेत नाही, इंग्लंडमधल्या एका लहानशा खेड्यात.

इंग्रजांचे 'कर'

आधी एक गंमत सांगतो. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडला की आडनाव तयार. चिपळूणचे ते चिपळूणकर, पेडण्याचे ते पेडणेकर, गोव्यातल्या मंगेशीचे ते मंगेशकर. पण विचार करा, खुद्द चिपळुणात राहणाऱ्या सगळ्यांनाच चिपळूणकर म्हणून कसं चालेल? मग तर गावभर एकच आडनाव होईल! म्हणजे असं आडनाव जास्त करून चिकटतं ते गाव सोडल्यावर. माणूस पुण्याला गेला, साताऱ्याला गेला, की तिथले लोक विचारतात, "हे कोण?" "हे चिपळूणचे." गाव मागे राहतं आणि नाव बरोबर येतं. नाहीतर गावाचा जो वतनदार असेल, मालक असेल, तो गावाचं नाव लावतो.

इंग्लंडमध्येही अगदी असंच झालं, बरं का. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतरच्या काळात मुलांची नावंही नॉर्मन पद्धतीची ठेवायची टूम निघाली. जिकडे तिकडे विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड आणि जॉन! आपल्या तीन ओंकारांसारखी गत झाली. मग ओळख पटायला आणखी एक नाव लागू लागलं. कुणाला धंद्यावरून मिळालं : लोहार तो स्मिथ, शिंपी तो टेलर. कुणाला बापाच्या नावावरून : जॉनचा मुलगा तो जॉन्सन. कुणाला दिसण्यावरून : उंच तो लाँग, तपकिरी केसांचा ब्राऊन. आणि कितीतरी जणांना मिळालं गावावरून. ही पद्धत हळूहळू रुजत गेली आणि साधारण १४०० सालापर्यंत इंग्लंडमधल्या बहुतेक घराण्यांना कायमची आडनावं चिकटली.

ही गावाची आडनावं ओळखायची एक सोपी युक्ती आहे. शेवट बघा. 'हॅम' म्हणजे घर, वस्ती. 'ली' म्हणजे जंगल तोडून केलेली मोकळी जागा. 'फर्ड' म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. आणि 'टन' म्हणजे... नाही नाही, लोखंडाचा टन नव्हे! जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे कुंपण घातलेलं शेत-घर, वाडी. याच शब्दाचं पुढे 'टाऊन' झालं.

आता सांगा पाहू, न्यूटन म्हणजे काय? न्यू म्हणजे नवी आणि टन म्हणजे वाडी. म्हणजे सफरचंदवाले आयझॅक न्यूटन आपल्याकडे जन्मले असते तर झाले असते 'नवेगावकर'! आणि अब्राहम लिंकन? लिंकन हे तर आजही इंग्लंडमधलं एक शहर आहे.

विल्यम आडनाव बदलतो

चला तर मग, आपल्या खेड्याकडे. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम नावाचा परगणा आहे. तिथे वेअर नदीच्या जवळ एक गाव होतं. फार पूर्वी, नॉर्मन यायच्याही आधी, तिथे ह्वासा नावाच्या कुणा माणसाची वाडी असावी, असं नावांचा अभ्यास करणारे पंडित सांगतात. जुन्या इंग्रजीत 'इंग' हा जोडशब्द आपल्या 'चा-ची-चे' सारखा काम करतो. म्हणजे ह्वासा, इंग आणि टून. ह्वासाची वाडी. या ह्वासाबद्दल आपल्याला एवढंच ठाऊक आहे, बाकी काही नाही. तो शेतकरी होता की शिपाई, त्याला किती मुलं होती, कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्याचं नाव मात्र आज जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात आहे. कसं ते ओळखलं का? थोडं थांबा.

डरहॅम परगण्यावर त्या काळी तिथल्या बिशपची, म्हणजे मुख्य धर्मगुरूची सत्ता चाले. ११८३ साली बिशप ह्यू यांनी आपल्या सगळ्या गावांची मोजदाद करवली. कुठलं गाव कुणाकडे, तो काय देणं लागतो, याची नोंद झाली. आपल्याकडच्या वतनाच्या दप्तरासारखंच म्हणा ना. या दप्तराला 'बोल्डन बुक' म्हणतात. त्यात एक नोंद आहे : हार्टबर्नच्या विल्यमकडे हे ह्वासाच्या वाडीचं गाव आहे. त्याने आपलं हार्टबर्न गाव बिशपला दिलं आणि बदल्यात हे घेतलं. वर्षाला चार पौंड द्यायचे आणि बिशपची मोठी शिकार निघाली की चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं!

या अदलाबदलीबरोबर आणखी एक बदल झाला. हार्टबर्नचा विल्यम आता नव्या गावाचा विल्यम झाला. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच होती. तिच्यात 'डी' म्हणजे 'चा'. म्हणून तो झाला विल्यम डी वेसिंग्टन.

बघा, एका माणसाने गाव बदललं म्हणून आडनाव बदललं! उद्या त्याने आणखी एक अदलाबदल केली असती, तर जगाचा नकाशा थोडा वेगळा दिसला असता.

गावाचं नाव तेव्हा कुणी कसंही लिही. वासिंग्टोना, वेसिंग्टन, वासिंग्टन. शुद्धलेखनाचे गुण कापणारे कुणी नव्हते! बोलता बोलता, लिहिता लिहिता ते घासत, गुळगुळीत होत गेलं आणि शेवटी झालं... वॉशिंग्टन!

म्हणजे वॉशिंग्टनचा कपडे धुण्याशी काडीचाही संबंध नाही. वॉशिंग्टन म्हणजे ह्वासाची वाडी. आणि वॉशिंग्टन आडनावाचा माणूस म्हणजे अस्सल मराठीत... 'ह्वासवाडीकर'!

जहाज रुतलं

पुढची गोष्ट आता भरभर सांगतो. विल्यमच्या वंशजांनी जवळजवळ सव्वादोनशे वर्षं हे गाव सांभाळलं. त्यांच्यातला एक जॉन तर १४१६ ते १४४६ अशी तीस वर्षं डरहॅमच्या मोठ्या मठाचा प्रमुख होता. १४०० च्या सुमारास गाव दुसऱ्या घराण्याकडे गेलं. पण घराण्याच्या शाखा तोवर बाहेर पडल्या होत्या आणि जाताना नाव घेऊन गेल्या होत्या.

एक शाखा लँकशायरमधल्या वॉर्टन गावी गेली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्दम्प्टन शहरात लोकरीचा व्यापारी झाला, नगराध्यक्षही झाला. तेव्हा इंग्लंडचा राजा आठवा हेन्री मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकत होता. १५३९ साली लॉरेन्सने त्यातलीच सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली आणि तिथे वाडा बांधला. वाड्याच्या दारावर घराण्याचं चिन्ह कोरलं : दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे. हे चिन्ह लक्षात ठेवा हं.

या लॉरेन्सचा पणतूही लॉरेन्सच. तो एसेक्समधल्या पर्ली गावच्या चर्चचा धर्मगुरू होता. १६४२ साली इंग्लंडमध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध पेटलं. पुढच्याच वर्षी, १६४३ साली, पार्लमेंटच्या बाजूच्या लोकांनी या राजनिष्ठ लॉरेन्सची जागा काढून घेतली. घराला वाईट दिवस आले. १६५३ मध्ये तो वारला. मोठा मुलगा जॉन, विशीतला पोरगा. करणार काय? तो 'सी हॉर्स' नावाच्या व्यापारी जहाजावर चढला आणि अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला गेला.

तिथे राहायचा त्याचा बेत नव्हताच. तंबाखू भरायची आणि परत फिरायचं. पण १६५७ साली परतीच्या वाटेवर पोटोमॅक नदीतच जहाज रुतलं. ते बाहेर काढेपर्यंत दिवस गेले, ओळखी झाल्या, लग्न ठरलं आणि जॉन तिथेच राहिला. हा जॉन म्हणजे कोण? अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पणजोबा!

जॉर्जचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा. इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध ते लढले, जिंकले आणि १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. चेरीचं झाड तोडून "बाबा, मीच तोडलं" म्हणणारा लहानगा जॉर्ज तुम्ही गोष्टीत वाचला असेल. ती गोष्ट मात्र त्यांच्या मृत्यूनंतर वीम्स नावाच्या चरित्रकाराने पुस्तकात घातली, तिला कसलाही पुरावा नाही. खरं बोलावं हे शिकवण्यासाठी रचलेली गोष्टच खोटी निघावी, ही गंमतच नाही का?

लंडनहून सर आयझॅक हर्ड या वंशावळींच्या जाणकाराने त्यांच्या घराण्याची माहिती मागवली, तेव्हा १७९२ साली जॉर्ज वॉशिंग्टननी कळवलं की, या विषयाकडे मी फारसं लक्ष दिलेलं नाही. आपले पूर्वज उत्तर इंग्लंडमधून आले एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. ज्यांच्या आडनावाचे आज जगभर फलक आहेत, त्यांना स्वतःला त्या आडनावाचं विशेष कौतुक नव्हतं!

पण लोकांना होतं. १७९१ मध्ये पोटोमॅकच्या काठी नवी राजधानी वसवायचं काम सुरू झालं आणि तिला नाव दिलं वॉशिंग्टन. ज्या नदीत पणजोबांचं जहाज रुतलं, तिच्याच काठी पणतूच्या नावाचं शहर! १८५३ साली पार पश्चिमेकडच्या एका नव्या प्रदेशाचं नाव 'कोलंबिया' ठेवायचं चाललं होतं. पण राजधानीच्या भागालाही कोलंबियाच म्हणतात, तेव्हा घोटाळा नको म्हणून त्या प्रदेशाला नाव दिलं... वॉशिंग्टन! आता सांगा, घोटाळा कमी झाला की वाढला? १८८९ मध्ये त्याचं राज्य झालं, तेच आजचं वॉशिंग्टन राज्य.

आणि ते चिन्ह आठवतंय ना, दोन पट्टे आणि तीन तारे? १९३८ पासून वॉशिंग्टन शहराचा झेंडा तोच आहे. पांढऱ्या कापडावर दोन लाल पट्टे आणि तीन लाल तारे.

गावावरून माणसाला नाव मिळालं आणि माणसावरून पुन्हा गावाला. वर्तुळ पूर्ण झालं. गोष्ट संपली?

नाही. तो मुलगा अजून वर्गात बसलाय.

बुकरचं उत्तर

जॉर्ज वॉशिंग्टनना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. पण त्यांच्या माउंट व्हर्नन या मोठ्या शेतीवर शेकडो माणसं राबत होती. मजूर नव्हेत, गुलाम. जॉर्ज अकरा वर्षांचे असताना वडील वारले, तेव्हा वारसाहक्काने त्यांना दहा गुलाम मिळाले होते. अकरा वर्षांच्या मुलाच्या मालकीची दहा माणसं! विचार करून बघा. १७९९ मध्ये ते वारले तेव्हा माउंट व्हर्ननला ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांना मुक्त करावं असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं आणि १ जानेवारी १८०१ रोजी त्यांच्या पत्नीने ते केलं. बाकीच्यांतले बहुतेक तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले होते, ते मात्र गुलामच राहिले. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या माणसाच्या घरातली ही गोष्ट आहे. मोठ्या माणसांच्या चांगल्या गोष्टी सांगायच्या, तशा या गोष्टीही सांगायला हव्यात.

गुलामाला आडनाव कशाला? अशी तेव्हाच्या मालकांची समजूत. मालकाच्या वह्यांत त्याचं नुसतं पहिलं नाव असे. समजा मालकाचं आडनाव हॅचर असलं, तर गुलामाला म्हणायचं 'हॅचरचा जॉन'. तुमच्या पेनावर चिठ्ठी असते ना, 'हे अमक्याचं', तसंच. ते त्याचं नाव नव्हतं, मालकाची खूण होती.

बुकर असाच १८५६ साली व्हर्जिनियातल्या एका शेतावर गुलाम म्हणून जन्मला. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध झालं आणि १८६५ साली ती पद्धत कायद्याने संपली. सुटलेल्या माणसांनी मग पहिली कामं कोणती केली असतील? बुकरने पुढे लिहून ठेवलंय. एक म्हणजे, जुन्या मालकाचं शेत सोडून निदान काही दिवस तरी बाहेर जाऊन यायचं, आपण खरंच जाऊ शकतो हे बघायला. आणि दुसरं म्हणजे, आपलं नाव बदलायचं!

बुकरचं कुटुंब वेस्ट व्हर्जिनियात माल्डन या गावी गेलं. त्याचे सावत्र वडील मिठाच्या भट्टीवर काम करत. बुकरही तिथेच राबायचा. तिथे प्रत्येक कामगाराच्या पिंपावर त्याचा आकडा टाकत. वडिलांचा आकडा होता १८. बुकर आयुष्यात पहिल्यांदा वाचायला शिकला ते 'अ आ इ' नाही, तर '१८'. शाळा निघाली तेव्हा वडील म्हणाले, काम करून जा. सकाळी नऊपर्यंत भट्टीवर राबायचं आणि नऊलाच शाळा भरायची, तीही लांब! मग हा पठ्ठ्या काय करायचा? भट्टीवरच्या घड्याळाचा काटा हळूच साडेआठवरून नऊवर न्यायचा आणि धूम ठोकायचा. पुढे मुकादमाने घड्याळ पेटीत कुलूपबंद केलं, ते सोडा.

असा हा बुकर वर्गात बसलाय. हजेरी जवळ येतेय. आणि गुरुजींनी पूर्ण नाव विचारताच तो अगदी शांतपणे, जणू जन्मापासून तेच नाव असल्यासारखा म्हणाला,

"बुकर वॉशिंग्टन."

गुरुजींनी लिहून घेतलं. झालं!

त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, वॉशिंग्टन फर्ग्युसन. आपल्याकडे मुलं वडिलांचं नाव मध्ये लावतात, याने शेवटी लावलं म्हणा ना. पुढे आईकडून कळलं की, लहानपणी तिने त्याचं नाव 'टॅलिआफेरो' असंही ठेवलं होतं. तेही त्याने मध्ये बसवलं आणि तो झाला बुकर टी. वॉशिंग्टन. आपलं नाव स्वतः निवडण्याचा मान फार थोड्यांना मिळतो, असं त्याला नंतर वाटे.

हा मुलगा पुढे १८७२ मध्ये शिकण्यासाठी, खिशात पुरेसे पैसे नसताना, मजल दरमजल करत हॅम्प्टनला गेला. (हॅम्प्टनच्या शेवटी काय आहे बघा!) १८८१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला शाळा काढून त्याने हजारो कृष्णवर्णीय मुलामुलींना शिकवलं. 'एक होता कार्व्हर' हे वीणा गवाणकरांचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १९८१ सालापासून ते मराठी घरांत आहे. त्यातल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना १८९६ मध्ये टस्कीगीला बोलावून घेतलं ते याच बुकर टी. वॉशिंग्टननी. आता कार्व्हर यांचं नाव नीट वाचा. पुढचं 'जॉर्ज वॉशिंग्टन' पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं आणि 'कार्व्हर' हे ज्याच्याकडे ते गुलाम म्हणून जन्मले त्या मोझेस कार्व्हरचं!

बुकर हॅम्प्टनला पोचला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७३ मध्ये, इकडे महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक आलं. फुल्यांनी ते कुणाला अर्पण केलं माहीत आहे? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना. तिकडे एक मुलगा स्वतःला नाव देत होता आणि इकडे पुण्यात एक माणूस त्याच लढ्याकडे पाहून आपल्या माणसांसाठी लिहीत होता.

बुकरसारखीच आणखी कितीतरी मुक्त झालेली माणसं वॉशिंग्टन हे आडनाव लावू लागली. त्यांच्यापैकी बहुतेकांचं जॉर्जच्या घराण्याशी कसलंही नातं नव्हतं. आज परिस्थिती काय आहे? २००० सालच्या जनगणनेत अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १ लाख ६३ हजार लोक होते. त्यांतले दर १०० पैकी ९० कृष्णवर्णीय! नट डेन्झेल वॉशिंग्टन तुम्हांला ठाऊक असतील. १९८३ मध्ये शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले ते हॅरॉल्ड वॉशिंग्टन. मग आता हे आडनाव कुणाचं म्हणायचं? ह्वासाचं? शिकारी कुत्रे घेऊन जाणाऱ्या विल्यमचं? की टोपी सावरत उत्तर देणाऱ्या त्या मुलाचं?

माझं उत्तर आहे, ज्याने ते चांगल्या रीतीने वापरलं त्याचं.

१६ ऑक्टोबर १९०१ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी बुकरना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं. कृष्णवर्णीय माणूस राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीला बसला म्हणून दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! पण जेवण झालं ते झालंच. मिठाच्या भट्टीवरचा मुलगा वॉशिंग्टन शहरात, स्वतःच घेतलेल्या वॉशिंग्टन या नावाने, राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी बसून जेवला.

आणि ते गाव?

ते अजून आहे. आता ते सुंडरलंड शहराच्या हद्दीत येतं. विल्यमच्या घराण्याचा वाडा जिथे होता तिथे 'वॉशिंग्टन ओल्ड हॉल' उभा आहे. आज दिसणारा वाडा बराचसा सतराव्या शतकातला, पण त्यात जुन्या घराच्या भिंतींचे भाग शिल्लक आहेत. मध्यंतरी त्याची चाळ झाली होती, खोल्याखोल्यांतून बिऱ्हाडं राहत होती. पाडायचीच वेळ आली, तेव्हा १९३६ मध्ये गावातल्या एका शिक्षकांनी पुढाकार घेऊन तो वाचवला. १९५७ पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था तो सांभाळते. मे १९७७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तिथे आले, त्यांनी झाड लावलं. म्हणजे ह्वासाच्या वाडीला राष्ट्राध्यक्षांचे पाय लागले, फक्त जवळजवळ आठशे वर्षं वाट पाहावी लागली!

आता तुमचं काम. आज रात्री जेवताना आजीला किंवा आजोबांना विचारा, "आपलं आडनाव कुठून आलं?" ते गावाचं आहे, कामाचं आहे की आणखी कशाचं? गावाचं असेल तर ते गाव नकाशात शोधा. कुणी तिथून कधी निघालं, का निघालं, विचारा. दुष्काळ पडला म्हणून? नोकरी लागली म्हणून? धरणात जमीन गेली म्हणून? लिहून ठेवा. ह्वासाचं कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून तो नुसतं नाव होऊन राहिला.

आणि एक सांगू? हे सगळं आपलं आपलं शोधायचं. शेजारच्या बाकावरच्या मुलाला "तुझं आडनाव काय रे?" असं विचारून त्यावरून तो कोण, कसा, हे ठरवायचं नाही. कुणी नुसतं वडिलांचं नाव लावत असेल, कुणी आईचं. कुणाच्या आजोबांनी आडनाव बदललं असेल, त्याला काही कारण असेल. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. पालकांनो, ही सवय मुलं आपल्याकडूनच उचलतात, तेव्हा हे थोडं तुमच्यासाठीही.

उद्या हजेरीच्या वेळी बाईंनी तुमचं नाव घेतलं, की जरा मोठ्याने "हजर" म्हणा. आपल्याला पूर्ण नाव आहे, आपल्या वाटणीची हजेरी आहे, ही काही लहान गोष्ट नाही.

पुढच्या आठवड्यात भेटू आणखी एका गावाला, ज्याचं नाव आधी एका सरदाराला मिळालं आणि मग चक्क तुमच्या डब्यात येऊन बसलं. ओळखा पाहू! दोन पावांच्या मध्ये काय असतं?